लकवा इलेव्हनचं नवं मशीन

हाताचा व्यायाम बघायला फार कंटाळवाणा असतो. बोटं मिटायची, उघडायची. मिटायची, उघडायची. अशी वीस मिनिटं! या वीस मिनिटांत हाताला काम असतं, तोंडाला अजिबात नसतं. मग तोंड आपलं काम शोधतं. मी जळगावात चौदा वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि माझ्याकडे फायलींपेक्षा किस्सेच जास्त जमलेत. फायली निदान कपाटात मावतात.

त्यातही अकराची बॅच म्हणजे कहर. माणसं तीनच. प्रल्हाद नाना, फैजपूरकडचे केळीवाले. लकवा मारल्यापासून उजवा हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून असायचा. दुसऱ्या सुमनअक्का, मूळच्या दोंडाईच्याच्या. उपचारासाठी जळगावात लेकीकडे राहायला आलेल्या. त्यांनाही लकवाच, पण नानांपेक्षा सौम्य. आणि तिसरे सलीमभाई, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. मनगट मोडलं होतं, प्लास्टर निघालं तरी वळायला तयार नव्हतं.

आता या तिघांचा आणि हातात धरून खेळायच्या गेमच्या मशीनचा काय संबंध, असं कुणीही विचारील. सांगते.

*

माझा धाकटा भाऊ भूषण. धुळ्याला त्याचं मोबाइल आणि गेमच्या सामानाचं दुकान आहे. एकदा मी त्याच्यापुढे रडगाणं गायले, "अरे, पेशंट व्यायामच करत नाहीत. नानांना मणी ओवायला दिले तर म्हणतात, हे माह्या नातीचं काम!"

पुढच्या रविवारी तो दुकानातलं एक जुनं मशीन घेऊन आला. मध्ये छोटा स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं. "ताई, हे दे त्यांना. बटणं दाबायला बोटं हलवावीच लागतात."

गेमने हात बरा होतो असं मी म्हणणार नाही. गेममुळे माणूस किती वेळा बोट हलवलं ते मोजायचं विसरतो, एवढंच. पण तेच तर मला हवं होतं!

पहिला गेम लावला तो वरून पडणारी फळं टोपलीत झेलायचा. नानांचं बोट बटणावर मी धरून ठेवलं. एक आंबा पडला, एक सफरचंद पडलं, मग एक सुटं केळं पडलं. नानांनी बटण दाबलंच नाही. केळं खाली आपटलं.

"नाना, दाबा ना!"

नाना माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की जणू मीच केळं टाकलं. "मॅडम, इतक्या उंचावरून पडलं त दाग पडीन ना! व्यापारी हात तरी लावीन का?"

त्या दिवशी त्यांनी आंबे सोडून दिले आणि फक्त केळी झेलली. एकूण सात. सातही बिनडागाची!

*

सलीमभाईंना गाड्यांच्या रेसचा गेम दिला. मनगट वळवलं की गाडी वळते, म्हणजे माझ्या दृष्टीने उत्तम व्यायाम.

रेस सुरू झाली. बाकीच्या पाच गाड्या सुसाट निघून गेल्या. सलीमभाईंची गाडी डाव्या बाजूने, शिस्तीत, एका चालीत. वळण आलं की हळू. पूल आला की आणखी हळू. दुसऱ्या फेरीत मागून येणाऱ्याला साइड!

अक्का वैतागल्या. "अहो भाऊ, गाडी जोरमा पयाडा ना!"

"अक्का, घाटात ओव्हरटेक नाही."

"घाट कोठे शे?"

"पुढे असणार. रस्ता बघा ना कसा चढतोय!"

रेस संपली. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं, सहावा नंबर. सहाच गाड्या होत्या. सलीमभाईंनी मशीन माझ्या हातात दिलं, रुमालाने कपाळ पुसलं आणि समाधानाने म्हणाले, "गाडीला एक ओरखडा नाही, मॅडम!"

*

त्या जुन्या मशीनला एक सवय होती. गेममध्ये धडक बसली की ते हातात थरथरायचं. मी हे अक्कांना सांगायचं विसरले.

अक्का नानांच्या समोरच्या खुर्चीत बसून खेळत होत्या. धडक बसली, मशीन गुरगुरलं आणि अक्का किंचाळल्या, "अय माय! यामा जीव शे!" आणि त्यांनी ते दिलं फेकून, थेट नानांच्या अंगावर.

नानांनी झेललं.

दोन्ही हातांनी.

तीन महिने मी त्या उजव्या हाताला विनवत होते. मूठ मिटा, नाना. थोडी तरी मिटा. मिटत नव्हती. आणि आता ती चार बोटं त्या काळ्या मशीनभोवती मिटलेली होती. नाना स्वतःच्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या मांडीवर आलाय असे. सलीमभाई उठून उभे राहिले. अक्का तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "माफ करा हं नाना, मी घाबरी गयथू."

मला मात्र एकच सुचलं. "अक्का," मी ओरडले, "परत फेका!"

*

मग भूषणने बातमी आणली. नवीन मशीन येतंय! स्क्रीन मोठा. आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंची बटणं सुटी होतात. पूर्ण वजन पेलायची गरज नाही, एकाच हातात छोटासा तुकडा धरून खेळता येतं. ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे नानांचा उजवा हातच आला. जुनं मशीन त्यांना दोन मिनिटांवर पेलवत नसे.

मी फोनवरचा फोटो तिघांना दाखवला आणि समजावून सांगितलं. "हे बघा, हा डावा भाग असा निघतो, हा उजवा भाग असा निघतो. रात्री परत जोडायचा, की आपोआप चार्ज होतो."

अक्कांनी फोटो नीट बघितला. मग आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

"मंग मना बी काढीसन चार्जिंगले लाई द्या ना!"

*

बुकिंगसाठी भूषणच्या दुकानात धुळ्याची कॉलेजची पोरं रांग लावून होती. त्यात त्याने आमचंही नाव घातलं. पोरांना उत्सुकता. जळगावची कुठली टीम? किती वर्षांचे प्लेयर? भूषणने ऐटीत सांगितलं, "वरिष्ठ गट!" मग त्याचा मला फोन. "ताई, टीमचं नाव विचारतायत. काय सांगू?"

मी फोन स्पीकरवर टाकून बॅचला विचारलं. नाना लगेच म्हणाले, "लकवा इलेव्हन!"

सलीमभाई दुखावले. "मला लकवा नाही. माझं फ्रॅक्चर आहे."

"तुम्ही विकेटकीपर."

सलीमभाईंचं समाधान झालं. पण पलीकडे भूषण हिशेबात अडकलेला. "नाना, इलेव्हन कसे? तुम्ही तर तिघंच आहात!"

"येतीन ना भो बाकीचे!" नाना म्हणाले. "लकवा काय सांगून येतो का?"

धुळ्याच्या दुकानातली पोरं हसली की नाही माहीत नाही. आमच्याकडे अक्का इतक्या हसल्या की त्यांच्या ओठाची डावी-उजवी बाजू पहिल्यांदा सारखी वर गेली. मी ते फाइलमध्ये नोंदवून ठेवलं.

*

सगळेच दिवस हसायचे नव्हते, तेही सांगायला हवं.

लाँचला आठ दिवस उरले असताना कंपनीने तारीख पुढे ढकलली. नवी तारीख लवकरच कळवू, एवढंच. तिघांनीही ऐकून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी नाना आले नाहीत. मग त्या आठवड्यात आलेच नाहीत. पुढच्या आठवड्यात मुलाचा फोन, "मॅडम, ते नाही म्हणतात. काय करावं?"

रविवारी मला रावेरला एका लग्नाला जायचं होतं. फैजपूर वाटेवरच. मी गाडी थांबवली.

नाना ओट्यावर बसले होते. उजवा हात परत मांडीवर, पिशवीसारखा. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. सुनेने चहा आणला. बराच वेळ ते केळीच्या भावावर, वाऱ्यावर, पाण्यावर बोलले. मग एकदम म्हणाले, "तारीख पुढं गेली म्हणे."

"हो. पण येणार आहे नक्की."

"माह्या हाताले बी तुम्ही तेच सांगता, मॅडम. येईन. येईन. तारीख मात्र कोनी सांगत नी."

खोटी तारीख देणं माझ्या धंद्यात बसत नाही. मी चहा संपवला. सांगितलं, "नाना, मलाही माहीत नाही. पण सोमवारी अकराला मी तिथे असेन." आणि निघाले. लग्नात जेवण गेलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन अक्कांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलंही नाही. "नंबर द्या," म्हणाल्या.

काय बोलणं झालं ते मला नानांच्या सुनेकडूनच कळलं. नानांनी फोन उचलला तसा पलीकडून आवाज आला, "नाना, तुम्ही घर बठी ग्यात ते मी कोनले हराऊ? सलीमभाईले हरावामा काय मजा शे?"

सोमवारी पावणेअकराला नाना क्लिनिकच्या पायरीवर हजर! आत येताच अक्कांच्या समोर बसले आणि म्हणाले, "काढा ते डबडं."

त्या दिवशी ते हरले. तीनदा. पण पाच मिनिटं धरलं होतं मशीन.

*

नवी तारीख आली. मग मात्र बॅच मला आवरेना. "नवं मशीन येईपर्यंत बोटं तयार पाहिजेत" म्हणून व्यायामाची पुट्टी मळायला भांडणं, चेंडू दाबायला भांडणं! जे मणी ओवणं नानांना नातीचं काम वाटत होतं, ते मणी आता नाना ओवत होते. एकदा माळ पूर्ण करून त्यांनी ती मलाच घातली. मी दुपारी ती गळ्यात घालूनच बँकेत गेले. कॅशियरने विचारलं, "मॅडम, कुठून घेतली?" मी म्हटलं, "ऑर्डरवर बनते."

*

आणि मग तो दिवस उजाडला.

भूषण सकाळीच धुळ्याहून निघाला आणि साडेदहाला बॉक्स घेऊन दारात. सलीमभाई त्याच्याही आधी आलेले, पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. पिशवीतून झेंडूचा हार काढला, लिंबू-मिरची काढली. "डेपोत नवी गाडी आली की आम्ही असंच करायचो." त्यांनी नारळही आणला होता. तो मी ताब्यात घेतला, कारण ते फोडायला जागा शोधत होते आणि त्यांची नजर टेबलाच्या कडेवर गेलेली!

अक्का डबा घेऊन आल्या. खापरावरची पुरणपोळी. खान्देशात ही पोळी लाटत नाहीत. दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठी करतात, म्हणून मी डबा उघडल्यावर आधी पोळीकडे नाही, अक्कांच्या हातांकडे बघितलं. "तीन ठिकाने फाटेल शे," अक्का म्हणाल्या. "पण मीच करेल शे."

अकरा वाजले. नाना नाहीत.

सव्वाअकरा. नाहीत.

मागच्या आठवड्यात रोज सकाळी त्यांचा फोन असायचा, "मॅडम, तारीख पक्की ना?" आज त्यांचा फोन नाही. मी केला, कुणी उचलला नाही. परत केला, परत नाही. लकव्याच्या पेशंटने फोन उचलला नाही की मला एकच भीती वाटते, दुसऱ्या झटक्याची. बाकीच्यांच्याही तोंडावर तीच होती. सलीमभाईंनी हार बॉक्सवरून काढून हातात घेतला होता. भूषण म्हणाला, "ताई, गाडी काढू का? तासाभरात पोचू."

तिसऱ्या वेळी फोन सुनेने उचलला. मागे प्रचंड गोंगाट, ट्रॅक्टरचा आवाज, माणसांची हाकाटी. मी फोन स्पीकरवर टाकला.

"नाना कुठे आहेत?" मी विचारलं.

"इथंच आहेत, मॅडम. बागेत. माल काढायला ट्रक लागलाय. सकाळी म्हणाले, जरा बघून येतो नि मग जातो जळगावला. आणि तेव्हापासून विळाच सोडत नाहीत... थांबा, मी फोन त्यांच्या कानाला लावते."

खच्! असा एक आवाज आला. मग कुणीतरी घड खांद्यावर घेतल्याचा हुंकार. मग नानांचा श्वास, दमलेला.

"मॅडम, तुम्ही उघडा ते नवं डबडं. माही वाट नका पाहू."

"नाना, अहो झालं काय?"

"काही नी झालं. हात कामात हाये!"