आभाळ नसलेले फोटो

इतवारीच्या भांडेबाजारात एका ठोक दुकानाच्या वरच्या मजल्यावर समुद्राचा तळ आहे. खाली हातगाड्यांवरून स्टीलच्या कोठ्या उतरतात, त्यांचा खणखणाट जिन्यानं वर येतो, आणि वरच्या खोलीत पाच माणसं पडद्यापुढे बसून पाच किलोमीटर खोल पाण्याखालचे फोटो पाहत असतात. नागपूरपासून पाचशे किलोमीटरच्या आत कुठल्याही बाजूला समुद्र नाही.

चाळीसेक वर्षांपूर्वी एका सर्वेक्षण जहाजानं तारेला बांधून कॅमेरा तळापर्यंत सोडला होता. जहाज सरळ रेषेत हळूहळू जात राहिलं आणि कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाला दिवा चमकवून एक फोटो काढत राहिला. अशा तेवीस रेषा झाल्या. त्यांना रांगा म्हणतात. किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेच्या कपाटांत हे फोटो पडून होते. आता ते स्कॅन करायचे, प्रत्येकाला नंबर, जागा आणि वर्णन लावायचं आणि कोणालाही पाहता-उतरवता येईल असा संग्रह इंटरनेटवर खुला करायचा, असं ठरलं. काम इतवारीतल्या या छोट्या फर्मकडे आलं, कारण जमिनीच्या जुन्या नकाशांचे आणि फेरफारांचे लाखो कागद तिनं असेच लावून दिले होते.

या पाच माणसांतले चंद्रभान मेश्राम वयानं सगळ्यांत मोठे, त्रेसष्टचे. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. निवृत्तीनंतर दोन वर्षं घरी बसून पाहिलं, जमलं नाही. रोज सकाळी खापरखेड्याहून बसनं नागपूरला येतात, संध्याकाळी परत जातात. डब्याच्या पिशवीत निळ्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर असतं.

फर्ममध्ये रजिस्टर कोणी ठेवत नाही. सगळं संगणकात असतं. स्कॅनिंग करणारा मुकुंद त्यावरून त्यांना रोज टोमणा मारायचा. "काका, लाइट गेली तरी तुमचा समुद्र चालू राहते."

"लाइट आम्हीच पाठवत होतो गा तुले," चंद्रभान म्हणायचे, आणि लिहीत राहायचे.

वीज केंद्रातली सवय होती ती. तिथं दर तासाला रीडिंग लिहायचं. आकडा चुकला तर खोडायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही. व्हॉल्व्हला हात लावला तर किती फेरे आणि कोणत्या बाजूला, तेही लिहायचं, कारण पुढच्या पाळीच्या माणसाला ते उलटं फिरवावं लागू शकतं. चौतीस वर्षांत चंद्रभान यांनी एक रकाना रिकामा सोडला नव्हता. हे ते सांगत नाहीत, त्यांच्याबरोबर काम केलेले सांगतात.

सतरावी रांग त्यांना एकट्याला मिळाली. अकराशे बारा फोटो. त्यात दिसतो तो राखाडी गाळाचा सपाट मैदानी तळ, त्यावर विखुरलेले बटाट्याएवढे काळे गोळे. पहिल्या दिवशी चंद्रभान यांनी ते गोळे पडद्याजवळ वाकून पाहिले. मग म्हणाले, हा तर कोळसा आहे, फक्त कोणी उतरवायला आलेलं नाही. कधी एखादा पांढरा देठ आणि त्याच्या टोकाला कपासारखा स्पंज. कधी काहीतरी काचेसारखं, ज्याच्या आरपार गाळ दिसतो. दिवा चमकला तेवढ्या क्षणापुरता त्या जागेला उजेड मिळाला, त्याआधी कधी नव्हता आणि त्यानंतरही बहुधा नाही. हे संस्थेच्या माहितीपत्रकात एका ओळीत लिहिलं होतं. चंद्रभान यांनी ती ओळ रजिस्टरच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली.

तीन महिने ते त्या रांगेतून चालले. चालले असंच म्हणावं लागेल. दुपारी खाली बाजार थंडावला की खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरायचा, आणि एका फोटोतून दुसऱ्या फोटोत जाताना त्यांना पावलाखाली मऊ लागायचं. परतीच्या बसमध्ये डोळा लागला तर ते डोक्याला पिवळं हेल्मेट घालून त्या गाळावरून हळूहळू जात असायचे, आणि वर पाण्याचं वजन असूनही श्वास अडकायचा नाही. घरी त्यांनी पत्नीला, मायाबाईंना, मोबाइलवर चार फोटो दाखवले. त्यांनी ते एकेक करून मोठे करून पाहिले.

"याच्यात पाणी कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

चंद्रभान यांनी मोबाइल हातात घेऊन पुन्हा पाहिलं. पाणी खरंच कुठे दिसत नव्हतं.

चूक जानेवारीत उघडकीला आली. संस्थेतल्या डॉ. अस्मिता यांच्याकडे शेवटची तपासणी होती. त्यांनी व्हिडिओ कॉलवर फर्मच्या प्रमुख चिन्मयी यांना सतराव्या रांगेचे वीस फोटो ओळीनं लावून दाखवले. तळाशी मंद प्रवाह असतो आणि देठावरचे स्पंज त्या प्रवाहाकडे एकाच बाजूला झुकतात. बाकी बावीस रांगांत ते तसे झुकलेले होते. सतराव्या रांगेत एक इकडे, एक तिकडे, तिसरा उलट.

चिन्मयी यांनी चंद्रभान यांना बोलावलं. फोटो फिरवले का, असं विचारलं. हो, त्यांनी सांगितलं, सरळ केले.

सरळ करणं ही या फर्मची पहिली शिकवण होती. फेरफाराचा कागद तिरका येतो, नकाशा उलटा येतो. तो आधी सरळ करायचा, त्याच फाइलवर सेव्ह करायचा, मग वाचायचा. नव्या माणसाला चिन्मयी स्वतः हे शिकवायच्या. बाकीच्या रांगांच्या फोटोंना कडेला वेळेची पट्टी होती, त्यामुळे वर-खाली कोणतं हा प्रश्नच आला नाही. सतराव्या रांगेच्या चौकोनी फोटोंना पट्टी नव्हती. तारेवर लोंबकळणारा कॅमेरा थोडा कलायचा, त्यामुळे प्रत्येक फोटोची एखादी बाजू उजळ आणि समोरची काळी यायची. चंद्रभान यांनी प्रत्येक फोटो फिरवून उजळ बाजू वर आणली होती. फोटो म्हटला की वर आभाळ आणि खाली जमीन, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

पण तो कॅमेरा सरळ खाली पाहत होता. त्या फोटोंना वर नव्हतंच. कॅमेऱ्याची कोणती कड उत्तरेकडे होती हे वेगळ्या यादीत लिहिलेलं होतं, आणि फोटो फिरल्यामुळे ती यादी आता निरुपयोगी झाली होती. ही एक रांग संस्थेनं पूर्वीच स्कॅन करून डिस्कवर ठेवली होती. ती मूळ डिस्क नोव्हेंबरातच बंद पडली होती, आणि ज्या फिल्मवरून ती भरली होती ती फिल्म बुरशीनं कधीच गेली होती. नियम स्पष्ट होता: दिशा खात्रीची नसेल ती रांग संग्रहातून वगळायची. फेब्रुवारीच्या अखेरीस संग्रह खुला होणार होता. अकराशे बारा फोटो त्यात असतील की नसतील, एवढाच प्रश्न उरला.

चंद्रभान जागेवर गेले आणि निळं रजिस्टर घेऊन आले. प्रत्येक फोटोसमोर त्यांच्या बारीक अक्षरात वर्णन होतं आणि शेवटच्या रकान्यात 'उ १', 'डा १', 'उ २'. उजवीकडे एक पाव फेरा, डावीकडे एक, उजवीकडे दोन.

मुकुंद खांद्यावरून वाकून पाहत होता. "हे काहून लिहिलं काका?"

"फिरवलं ना गा मी," चंद्रभान म्हणाले. "फिरवलं तं लिहा लागते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोटो उलटे फिरवायला घेतले. उजवीकडे एक फिरवलेला डावीकडे एक. स्पंज एकेक करून एका बाजूला झुकू लागले. नवव्या दिवशी ते ६११ नंबरपाशी आले आणि थांबले.

६११ ते ६५३. त्रेचाळीस फोटो. वर्णनं पूर्ण होती, शेवटचा रकाना कोरा होता.

तो दिवस त्यांना आठवत होता. त्या दिवशी त्यांनी वर्णनं आधी लिहून सरळ करणं मागे ठेवलं होतं. ६३४ नंबरच्या फोटोत गाळावर एक माग होता. दोन समांतर रेघा, मध्ये टिंबांची ओळ, फोटोच्या एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्याबाहेर गेलेली. प्राणी कुठेच नव्हता. तो कुठून आला आणि कुठे गेला हे शोधायला त्यांनी मागचे तेवीस फोटो पुन्हा पाहिले, पुढचे एकोणीस पाहिले, पाहता पाहता सगळे सरळ केले आणि हात लिहायचा विसरला. रजिस्टरमध्ये ६३४ समोर एकच शब्द होता: माग. खाली बाजार कधी बंद झाला ते त्यांना कळलं नव्हतं. शिपायानं दिवे मालवले तेव्हा ते उठले होते.

त्या त्रेचाळीस फोटोंत एकही स्पंज नव्हता.

मुकुंदनं सुचवलं की आजूबाजूच्या पानांवर बहुतेक 'उ १' आहे, तर इथंही तेच लिहावं. कोण तपासणार? त्यात लबाडी नव्हती. त्याला रांग वाचवायची होती, आणि काकांनाही. चंद्रभान यांनी पेन हातात घेतलं होतं, हे मुकुंदनं नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी ते रजिस्टर न मिटता निघून गेले.

घरी मायाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्या शेंगा निवडत होत्या. कोरा रकाना भरला तर रांग राहील, नाही भरला तर कदाचित सगळी जाईल, इतकं त्यांना समजलं.

"तुमच्या जागी दुसरी पाळी आली असती," त्या म्हणाल्या, "तं तिले काय सांगितलं असतं?"

सकाळी चंद्रभान यांनी चिन्मयींना कॉल लावायला सांगितला. डॉ. अस्मितांशी ते पहिल्यांदाच थेट बोलत होते. मॅडम, एक हजार एकोणसत्तर फोटो जसे होते तसे करतो, त्यांनी सांगितलं, त्रेचाळीसांचं मले माहीत नाही. "अंदाज आहे. पण अंदाज लिहीन तं बाकीचेही अंदाजच होतील."

डॉ. अस्मितांनी रजिस्टरची सगळी पानं स्कॅन करून पाठवायला सांगितली. निर्णय आठवड्यानं कळवू म्हणाल्या. चिन्मयींनी त्यात एक वाक्य जोडलं, की फिरवायला शिकवलं ते आम्हीच. चंद्रभान यांना ते वाक्य आवडलं नाही. सही माझी आहे, ते म्हणाले.

उत्तर बाराव्या दिवशी आलं. सतरावी रांग ठेवायची. ६११ ते ६५३ या फोटोंवर 'दिशा अज्ञात' असा शिक्का. रजिस्टरची पानं रांगेसोबत संग्रहात जोडायची, कोऱ्या रकान्यासकट. मुकुंदनं ती पानं स्कॅन केली. तिरकी आली होती, त्यानं सरळ केली, मग थांबून चंद्रभान यांच्याकडे पाहिलं. ते हसले. कागदाले वर असते गा, ते म्हणाले, तो कर सरळ.

संग्रह खुला झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक पत्र आलं. समुद्रतळावर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मागांवर काम करणाऱ्या कोणा अभ्यासकाला सतराव्या रांगेतला ६३४ वा फोटो फार मोलाचा वाटला होता. इतका स्पष्ट माग त्यानं पाहिला नव्हता. एकच विचारायचं होतं: तो प्रवाहाच्या दिशेनं जात होता की विरुद्ध?

चिन्मयींनी पत्र चंद्रभान यांच्याकडे दिलं. त्यांनी उत्तर मराठीत लिहिलं, चिन्मयींनी इंग्रजी केलं. दोनच वाक्यं होती. 'फोटो मी फिरवला आणि किती ते लिहिलं नाही. त्यामुळे तो कुठे जात होता हे आता कोणालाच सांगता येणार नाही.' खाली नाव आणि तारीख.

त्या दिवशी ते परतताना दोन थांबे आधी उतरले. तिथून वीज केंद्राच्या राखेच्या तलावाचा बंधारा जवळ पडतो. उन्हाळा लागत होता, पाणी मागे हटलं होतं आणि राखेचं ओलसर राखाडी मैदान दूरपर्यंत सपाट पसरलं होतं, काहीही न वाढलेलं. सूर्य खाली गेला होता. कडेला उजेड होता, मध्ये अंधारून आलं होतं. बगळा मघाशीच येऊन गेला असावा. बंधाऱ्याच्या पायथ्यापासून त्याच्या पावलांची एक ओळ आत गेली होती.

चंद्रभान खाली बसले आणि त्यांनी ठसे पाहिले. प्रत्येक ठशात तीन लांब बोटं पुढे होती, एक मागे. बगळा आतल्या बाजूला गेला होता. त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं, सतरावी रांग संपली त्या पानाखाली तारीख टाकली आणि लिहिलं: बगळा आत गेला.