सातव्या खड्ड्याचा रंग

उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी मातीमास्तर दवाखान्यातून घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकले.

"ही भिंत कधी रंगवून घेतलीस?"

बायको ओट्याशी भाजी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "कसली भिंत, अहो? नऊ वर्षांत तिला कुणी बोट लावलेलं नाही."

"पिवळी होती ती."

"पांढरी होती आणि पांढरीच आहे. तुम्हाला आज दिसली, एवढंच. देवाचे आभार माना आणि हातपाय धुऊन या."

मास्तरांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. भिंत पिवळी झाली. डावा झाकला तर पांढरी, अगदी नुकती नीळ दिल्यासारखी. त्यांनी आलटून पालटून पाच-सहा वेळा तेच केलं. शेवटी बायकोने सुरी खाली ठेवली. "आता पुरे झाला तो खेळ. डोळ्याला हात लावू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय ना?"

डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू दोन महिन्यांनी काढायचा होता. तोवर मास्तरांना दोन डोळ्यांनी दोन घरं दिसणार होती, आणि आपण इतकी वर्षं यातल्या कोणत्या घरात राहत होतो हेच त्यांना कळेना.

लोक मास्तर म्हणत असले तरी त्यांनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. ते सरकारी कचेरीत माती बघायच्या कामावर होते. जमीन मोजणारे वेगळे आणि माती बघणारे वेगळे, हे सांगता सांगता त्यांची एकतीस वर्षं गेली होती. लग्नाला आलेले पाहुणेसुद्धा त्यांना कोपऱ्यात गाठून कुंपणाचं भांडण सांगत. काम म्हणाल तर अवघड दिसत नाही. माणसाच्या उंचीचा खड्डा खणायचा, त्यात उतरायचं, एक बाजू सुरीने तासून साफ करायची आणि वरून खालपर्यंत माती कुठे कुठे बदलते ते बघून थरांच्या सीमेवर खिळे टोचायचे. मग प्रत्येक थराचं ढेकूळ घ्यायचं, पाण्याने ओलं करायचं, बोटांत मळून त्याची पट्टी किती लांब निघते ते बघायचं, चिमूटभर दातांखाली धरून कचकच लागते का ते बघायचं. या शेवटच्या प्रकारावरून बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांना ऐकवलं होतं, "माझ्या हातचं जेवण आवडत नसेल तर तसं सांगा."

किनाऱ्यालगतच्या सपाटीवरची माती हा मास्तरांचा प्रांत. वर वीतभर करडी, भुसभुशीत, पोयट्याची. खाली उतरावं तशी चिकण वाढत जाते आणि रंग पिवळसर होतो. पावसाचं पाणी वर्षानुवर्षं झिरपून तिच्यातला सगळा चुना धुऊन घेऊन गेलेलं, म्हणून ती आम्लधर्मी. मास्तरांबरोबर सव्वीस वर्षं खड्डे खणणारा खड्डेवाला तिला सरळ आंबट माती म्हणे. या आंबट मातीच्या दोन सख्ख्या बहिणी आहेत. एकीतून पाणी निमूट खाली जातं, दुसरी पावसाळाभर पोटात धरून ठेवते. कोरड्या दिवसांत दोघी सारख्याच दिसतात. फरक एवढाच की जिथे पाणी तुंबून राहतं तिथे मातीतलं लोखंड आपला पिवळा-तांबूस रंग सोडून देतं आणि राखाडी ठिपके उरतात. ते ठिपके किती खोलीवर सुरू होतात त्यावरून बहिणी ओळखायच्या आणि वर्गवारीच्या पुस्तकात ज्याच्या त्या घरात बसवायच्या.

पट्टी निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी मास्तर कचेरीत गेले. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि टेबलावर एकच काम होतं. गावाबाहेरच्या सपाटीवर चाळीस घरं बांधायची होती. प्रत्येक घराला आपापला शोषखड्डा, आणि पिण्याला त्याच आवारातल्या दोन विहिरी. मास्तरांनी ऑपरेशनच्या आधी तिथले सात खड्डे बघून तक्ता भरला होता. सातही ठिकाणी लिहिलं होतं, 'निचरा चांगला. राखाडी ठिपके एक मीटरपर्यंत नाहीत.' खाली त्यांची सही. आता वरिष्ठ बाईंनी शिक्का मारला की बांधकाम सुरू. तक्ता चुकीचा असेल तर पावसाळ्यात शोषखड्ड्यांतलं घाण पाणी खाली जाणार नव्हतं. ते वर येणार होतं, आणि आडवं सरकत विहिरींत उतरणार होतं.

कच्ची प्रत बाईंनी वाचलेली होती; पक्का तक्ता त्यांच्याकडे पाठवायच्या आधी मास्तरांनी सवयीने नमुन्यांचे डबे काढले. प्रत्येक खड्ड्याचा एक चपटा डबा, त्यात कप्पे, कप्प्यांत थराथराची चिमूटभर माती. त्यांनी सातव्या खड्ड्याचा डबा उघडला आणि खिडकीशी नेला. वरचे दोन कप्पे ठीक होते. तिसऱ्या कप्प्यावर नजर गेली आणि त्यांना वाटलं, हा डबा आपला नव्हेच. पिवळ्या मातीत राखेसारखे ठिपके होते. त्यांनी उजवा डोळा झाकला. ठिपके गेले. माती कशी एकसारखी पिवळसर, तक्त्यात लिहिल्याबरहुकूम. डावा झाकला, ठिपके परत आले.

मास्तर खुर्चीत बसले. कोणता डोळा खरा? जुना डोळा एकतीस वर्षांचा अनुभवी. नवा डोळा तीन दिवसांचा, आणि त्याला तर भाताचा रंगही निळसर दिसत होता. काल आलेल्या डोळ्याच्या सांगण्यावरून सही फिरवायची? की त्या डोळ्याला अजून नीट दिसायला लागायचंय म्हणून गप्प बसायचं? त्यांनी डबा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. दुपारचा चहा गार झाला. शेवटी तक्ता आणि डबा दोन्ही पिशवीत घालून ते घरी आले.

संध्याकाळी बायको उसवलेल्या पोलक्याला शिलाई घालत बसली होती. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. ती दोऱ्याची रिळं मांडीत घेऊन ऐकत राहिली.

"तुम्ही रंग ओळखता ते त्या भोकांच्या पुस्तकावरूनच ना?"

ते पुस्तक तिने पाहिलेलं होतं. पानोपानी रंगांचे लहान लहान चौकोन आणि प्रत्येक चौकोनाखाली रंगाचा आकडा आणि एक भोक. मातीचं ढेकूळ पानामागे धरायचं, भोकातून बघायचं आणि जुळणारा चौकोन शोधायचा.

"हो, त्यावरूनच."

"मग झालं तर. मी दोरा घेते तो कापडावर ठेवून घेते. माझा डोळा पिवळा असला तर दोराही पिवळा दिसेल आणि कापडही. जुळायचं ते जुळतंच. पुस्तक आणि माती एकाच डोळ्याने बघितलीत ना? उगाच जिवाला घोर लावून घेता."

मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. इतकं साधं आपल्याला सुचू नये याची त्यांना गंमत वाटली. त्या रात्री ते दोन घास जास्तच जेवले.

तरी खात्री असावी म्हणून सकाळी ते खड्डेवाल्याला घेऊन सपाटीवर गेले. सातवा खड्डा बुजवलेला होता. खड्डेवाल्याने फावडं टेकवून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मास्तर, हा मी खणला, तुम्ही बघितला, मीच बुजवला. आता परत खणायचा? माती पळून गेली का काय?"

"डोळा नवीन आहे. एकदा बघून घेतो."

"मग चष्मेवाल्याकडे जायचं, माझ्या पाठीवर का?"

बडबडत का होईना, त्याने खणायला घेतलं. भरावाची माती भुसभुशीत होती, भराभर निघाली. जुनी बाजू नको म्हणून मास्तरांनी शेजारची कोरी बाजू तासायला लावली. ते कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली उतरले, खिळे टोचले, तिसऱ्या थराचं ढेकूळ फोडून ओलं केलं आणि पिशवीतून पुस्तक काढलं.

वरून खड्डेवाला म्हणाला, "आज पुस्तक काढलंत वाटतं!"

"म्हणजे?"

"नाही, बऱ्याच दिवसांनी दिसलं म्हणून म्हटलं."

"बऱ्याच दिवसांनी कसं? मागच्या महिन्यात हेच सात खड्डे बघितले तेव्हा..."

"तेव्हा पिशवीतच होतं, मास्तर. पिशवी माझ्या खांद्यावर असते ना. तुम्हीच तर म्हणायचात, उन्हाने पानं फिकी पडतात, मला आता पुस्तक लागत नाही, रंग तोंडपाठ आहेत. ढेकूळ फोडायचात, एकदा बघायचात आणि मला आकडा सांगायचात. मी लिहायचो."

मास्तर खड्ड्यात उभे होते, डोकं जेमतेम बाहेर. गवताच्या पात्यांआडून त्यांना खड्डेवाल्याचे बूट दिसत होते, एक फक्त डाव्या डोळ्याला, मळकट पिवळा, आणि एक फक्त उजव्याला, धुरकट राखाडी. बूट एकाच जोडातले होते, हे त्यांना क्षणभराने उमगलं. कालचा सगळा हिशेब पुस्तकावर उभा होता, आणि पुस्तक उघडलंच गेलं नव्हतं. पाठ असलेला रंग चांगल्या डोळ्याने पाठ केलेला. समोरची माती बघणारा डोळा पिवळा. दोरा वेगळ्या डोळ्याने घेतलेला आणि कापड वेगळ्या.

त्यांनी ढेकूळ पानामागे धरलं. उजव्या डोळ्याने दोन चौकोनांच्या मध्ये पडलं. डाव्याने तिसऱ्याच चौकोनाच्या जवळ गेलं. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर पान आणि माती दोन्ही डुचमळायला लागलं. पानंही फिकी पडलेली होती, ते काही खोटं नव्हतं.

"तुला काय दिसतंय रे?" त्यांनी ढेकूळ वर धरलं.

"मला? माती."

"रंग विचारतोय."

"मास्तर, मी सव्वीस वर्षं खाली बघून खणतोय. रंग तुम्ही बघायचा, हे ठरलेलं आहे आपलं." मग त्यांचा चेहरा बघून तो उकिडवा बसला. "काय झालंय? बुजवू का परत? कोण बघायला येतंय? तीन आठवड्यांनी तुम्ही घरी, मी दुसऱ्या कुणाच्या मागे."

तो वाईट मनाने बोलला नव्हता. त्याला मास्तरांची काळजी होती. खोटेपणाची संधी देव माणसाला अशीच देतो, आपल्या माणसाच्या तोंडून आणि प्रेमाच्या आवाजात. मास्तरांना ते पटलं नाही असंही नाही. ठिपके आहेत हे तरी कुठे नक्की होतं? नवा डोळाच खोटा असेल तर चाळीस घरांचं काम आपण उगाच अडवू, आणि जाता जाता कचेरीत हसं करून घेऊ. ते तसेच उभे राहिले. एकदा त्यांना वाटलं ठिपके आहेत, एकदा वाटलं नाहीत. पायाखालची चिकण बुटाला धरून बसली होती.

शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला आणि बाईंना लावला. "बाई, सातव्या खड्ड्यावर येता का? येताना नवीन रंगपुस्तक आणा. मला दिसत नाहीये."

"दिसत नाहीये म्हणजे? ऑपरेशन चांगलं झालं म्हणालात ना?"

"चांगलं झालं म्हणूनच."

बाई तासाभराने आल्या. मास्तरांपेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला तुटक, पण मास्तरांनी हात दिला तेव्हा साडी खोचून मुकाट खड्ड्यात उतरल्या. मास्तरांनी त्यांना काहीच सुचवलं नाही. मीटरपट्टी टांगली, सुरी हातात दिली आणि स्वतः वही घेऊन बाजूला झाले. बाईंनी थर तासले, ढेकळं ओली केली, पान उलटून उलटून बघितलं. एकदा तर पुस्तक मिटून खड्ड्याबाहेर उन्हात आल्या आणि तिथे पुन्हा बघितलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पंचावन्न सेंटीमीटर. मूळ रंग पिवळसर तपकिरी. राखाडी ठिपके, बरेच, ठळक."

मास्तरांनी लिहिलं. एकतीस वर्षांत दुसऱ्याने सांगितलेला रंग त्यांनी पहिल्यांदाच लिहिला.

"पंचावन्न," ते म्हणाले. "मी लिहिलं होतं, मीटरपर्यंत नाहीत."

"वाचलंय मी. आज दुपारी शिक्का मारणार होते." बाईंनी हातावरची माती झटकली. त्यांना राग आला होता की भीती वाटली होती, मास्तरांना ओळखता येईना. "म्हणजे ही दुसरी बहीण. इथे शोषखड्डा चालायचा नाही."

"बाकीचे सहाही मी असेच बघितलेत. पुस्तकाशिवाय."

"ते उघडावेच लागतील. तुम्ही लेखी द्या."

मास्तरांनी खड्ड्याच्या काठावर बसून, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं, की आपण रंग स्मरणावर विसंबून नोंदवले, डोळ्यात मोतीबिंदू होता, सातही वर्णनं रद्द धरावीत. सही केली. अक्षर एका डोळ्याला निळं दिसत होतं आणि एका डोळ्याला काळं.

बाईंनी कागद वाचून घडी घातली. मग जरा मऊ आवाजात विचारलं, "काका, पुस्तक उघडायचं बंद कधी केलंत?"

मास्तर आठवायला लागले. मागच्या वर्षी नदीच्या मुखाशी बघितलेल्या खड्ड्यांना पुस्तक काढलं होतं का? त्याआधी वीटभट्टीच्या मागच्या? पुस्तक हातात असल्याचं आठवत होतं, पण ते कधीचं, आणि हातात असून उघडलं होतं का, काही धड लागेना. मोतीबिंदू आला असा एखादा दिवसही सांगता येईना. कचेरीच्या कपाटात त्यांच्या सहीचे शेकडो तक्ते होते. त्यातले किती चांगल्या डोळ्याचे?

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "शेवटच्या तक्त्यापासून मागे मागे जावं लागेल. आधी डबे, जुळले नाहीत तर खड्डे. जिथे जुळायला लागेल तिथे थांबायचं."

खड्डेवाला काठाशी आला. "म्हणजे मी खणलेलं सगळं परत खणायचं?"

"सगळं नाही. कदाचित."

"आणि तुमचे दिवस उरले किती?"

"एकोणीस."

खड्डेवाल्याने आकाशाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग फावडं खांद्यावर टाकलं. "मग इथे बसून काय राहिलात? सहावा त्या बाभळीपलीकडे आहे. चला, आणि पुस्तक या खेपेला तुमच्याच हातात ठेवा."