मोटारमामा आणि माझं लायसन

समोरून बैलबंडी दिसली की मोटारमामा मोटार रस्त्याच्या कडेला घ्यायचे आणि चक्क बंद करायचे. नुसती हळू करणं त्यांना पटत नसे. बंडी शांतपणे निघून गेली, तिच्या चाकांचा आवाज मागं गेला, की मगच खाली उतरायचे. आणि ती मोटार पुन्हा चालू करणं म्हणजे गंमत नव्हती. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना, म्हणून कामठ्याच्या आमच्या मालगुजारांनी मोटारीच्या पाठीशी कोळशाची भट्टी बसवून घेतली होती; तिच्या गॅसवर मोटार चालायची. मोटार बंद पडली की हातानं पंखा फिरवून निखारे फुलवायचे, धूर नाकातोंडात घ्यायचा, मग पुढं जाऊन हँडल मारायचं. बाजारच्या दिवशी गोंदियाला पोचायला आम्हाला पायी जाणाऱ्यांपेक्षा उशीर व्हायचा.

मामा मूळचे मालगुजारांच्या दमणीवरचे, म्हणजे हलक्या बैलगाडीवरचे, गाडीवान. मोटार आली तेव्हा मालकांनी त्यांना नागपूरला शिकायला पाठवलं. परत आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांच्या मोटारीला बुजून एका शेतकऱ्याची बंडी बोडीत, रस्त्याकडेच्या तळ्यात, गेली. बैलाचा पाय मोडला. मामा संध्याकाळपर्यंत त्या बैलापाशी बसून होते म्हणतात. त्या दिवसापासून ही पद्धत. कोणी हसलं तर म्हणायचे, "बैलाले काय मालूम हे काय हाय? आपल्याले मालूम हाय ना, मंग आपणच थांबाव."

ते काही माझे सख्खे मामा नव्हते. आईच्या माहेरचे, म्हणून मामा. मी शाळा सोडून घरी बसलो तेव्हा आईनंच मला त्यांच्या हवाली केलं. पहिले दोन महिने त्यांनी मला मोटारीत बसू दिलं नाही. कोळसा फोडायचा, राख काढायची, चाकं धुवायची. मी कुरकुरलो तर म्हणाले, "काऊन रे, बैलाले चारा न टाकता त्याच्या पाठीवर बसतेस का?" मग धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये मोटार घालून शिकवायला लागले. मी गिअर चुकवला की ते मला काही बोलत नसत, मोटारीच्या टपावर हात फिरवून तिची समजूत काढायचे. "राहू दे वं, लेकरू हाय." मला शिव्या चालल्या असत्या, पण हे ऐकवत नसे.

त्या दिवाळीला त्यांनी मला एकट्याला गाठून सांगितलं, की डाव्या डोळ्यानं दिसणं गेलंय आणि उजव्यापुढंही धुकं येतंय. मालकांना कळलं तर ते नागपूरहून डायवर आणतील आणि मग मला या मोटारीजवळ कोणी उभं करणार नाही. मला अठरा पुरे व्हायला चार महिने होते. "अठरा पुरे झाल्याबिगर साहेब लायसन देत नाही," मामा म्हणाले. "तवरिक तोंड बंद ठेव."

चार महिने आम्ही दोघांनी तोंड बंद ठेवलं. चाक माझ्या हातात असे, मामा शेजारी बसत. वाढदिवस झाला, शिकाऊ परवाना आला, मोटारीला पुढंमागं लाल 'एल' लागला. शाळेचा दाखला आणि दोन फोटो घेऊन आम्ही परीक्षेला भंडाऱ्याला निघालो. फोटोत मी घाबरलेल्या सशासारखा दिसत होतो.

साहेब शेजारी बसले. मामांना कचेरीच्या ओट्यावरच थांबवलं. नदीच्या रस्त्याला लागलो आणि समोरून बंड्या आल्या. एक नाही, सात. माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. मोटार कडेला गेली आणि बंद झाली.

"बंद कायको किया?" साहेब ओरडले.

"बैल बुजतेत, साहेब."

"ये कौनसे कायदे में लिखा है?"

गेलं लायसन, असं मला वाटलं. बंड्या एकामागून एक गेल्या. शेवटच्या बंडीवरचा म्हातारा कासरा आवरत म्हणाला, "बरं केलं बापू. माहा गोऱ्हा आजच पयल्यांदा जुपला हाय." मी उतरलो, पंखा फिरवला, हँडल मारलं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा मोटार खोकत सुरू झाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आणखी बंड्या आल्या तर काय करशील, असं विचारलं.

"थांबीन," मी म्हणालो.

साहेब वळून त्या म्हाताऱ्याच्या बंडीकडे बघत राहिले. मग मोटार मागं घ्यायला लावली, वळवायला लावली, आणि कचेरीत येऊन कारकुनाला म्हणाले, "इसका लायसन बना दो." मामांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ नेला, बोटानं शिक्का चाचपला आणि मला दिला. मी त्यांच्या पाया पडलो. मला रडू आलं, ते लपवलंही नाही. दोन्ही 'एल' काढून टाकले.

परतताना सौंदडला चहाला थांबलो तेव्हा मामांनी दुकानातल्या सगळ्यांना, न विचारता, माझं वय सांगितलं.

कामठ्याला पोचलो तेव्हा मालक अंगणातच होते. मामा खाली उतरले, पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "मालक, आता सांगतो. दिवाळीपासून मले दिसूनच नाही राहिलं. तुमाले वाटे, मी या पोट्ट्याले शिकवून राहिलो. हाच मले फिरवून राहिला होता."

मामांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, आता दोघांनाही हाकलतात.

"उद्या गोंदियाले डॉक्टरकडे जाऊ, तुह्या डोळ्यासाठी," मालक म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "डायवर, सकाळी लवकर मोटार काढ."

"जी," मी आणि मामा एकदमच म्हणालो.

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं ढकललं, आणि स्वतः एक पाऊल मागं झाले.