दीपमाळेची उंची

नवं मध्य प्रदेश राज्य झालं, त्या हिवाळ्यात आमच्या मुलींच्या शाळेत नागपूरची एक विज्ञानाची शिक्षिका आली. नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं आणि सरकारी नोकरांच्या याद्यांची वाटणी झाली होती. तिचं नाव इकडच्या यादीत पडलं. आई-वडील तिकडे आणि नोकरी इकडे उज्जैनला. एक ट्रंक, एक वळकटी आणि गवतात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्यांची टोपली घेऊन ती टांग्यातून उतरली. वय फार तर पंचवीस.

मी तेव्हा चाळिशीला टेकले होते. आमचं घराणं उज्जैनमधलं जुनं. पणजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या दप्तरात होते, तेव्हापासून आम्ही इथलेच. नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगी होती, ती त्याच वर्षी मॅट्रिकला होती. शाळेत मी बारा वर्षं गणित शिकवत होते. संस्थान गेलं, मध्य भारत राज्य आलं, मग तेही गेलं. शाळेची पाटी तीनदा रंगवून झाली, पण मॅट्रिकच्या वर्गाला गणित शिकवायला मीच. "बहनजी के हाथ की लड़की गणित में फेल नहीं होती," असं पालक म्हणायचे. मी ऐकू न आल्यासारखं करायचे आणि घरी जाईपर्यंत ते वाक्य मनात घोळवायचे.

माझी रीत सरळ होती. रोज पंचवीस उदाहरणं, आणि चुकलेलं उदाहरण पाच वेळा लिहायचं. आमच्या मुलींना कॉलेजात जायचं तर दुसरा रस्ता नव्हता. इंटर सायन्सला मुलगी पाठवायची म्हटलं की घरचे आधी मार्क विचारत आणि मग शंभर कारणं काढत. मार्क चांगले असले की निदान पहिला प्रश्न मिटायचा.

नव्या बाईंनी पहिले आठ दिवस पुस्तकच उघडलं नाही. त्यांनी मुलींना घरून हळद, लिंबू, चुना, फिटकरी म्हणजे तुरटी आणायला सांगितलं. हळदीत भिजवलेल्या कागदावर चुन्याचं पाणी टाकलं की तो लाल होतो, हे बघायला शेजारच्या वर्गातल्या मुली खिडकीत गोळा झाल्या. पंधरा दिवसांत त्या 'नई बहनजी'च्या 'दीदी' झाल्या. मला बारा वर्षांत कुणी दीदी म्हटलं नव्हतं. तोपर्यंत म्हणावं असं मला वाटलंही नव्हतं.

भैरवगढ़च्या एका छिप्याची मुलगी आमच्या मॅट्रिकच्या वर्गात होती. छिपा म्हणजे लाकडी ठप्प्यांनी कापड छापणारा. चार वर्षं ती माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत होती. उदाहरणं बिनचूक सोडवायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. तिच्या बोटांवर कायम काळसर लाल डाग असत. नव्या बाईंनी ते डाग बघितले आणि विचारलं, "ये रंग पानी से क्यों नहीं निकलता?" आणि ती मुलगी बोलायला लागली. फिटकरी आधी का लावतात, लोखंडाच्या पाण्याने काळा रंग कसा येतो, कापड नदीत किती वेळ धरायचं. अर्धा तास ती बोलत होती. मी बाहेर व्हरांड्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते. चार वर्षं तो हात माझ्यासमोर वही धरत होता आणि मी त्यावरचे डाग बघून इतकंच म्हटलं होतं, की हात धुऊन येत जा.

माझी स्वतःची मुलगीही तिकडेच गेली. जेवताना सारखं "दीदी म्हणतात" सुरू. पानात भाजी वाढताना मी एकदा म्हटलं, "दीदी परीक्षेचा पेपर काढणार आहेत का?" ती गप्प झाली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी नव्या बाई माझ्या मुलीसकट पाच-सहा मुलींना घेऊन राम घाटावर गेल्या. घाटाच्या वरच्या अंगाला एका देवळाच्या मोकळ्या पटांगणात दगडी दीपमाळ आहे, खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली. न चढता तिची उंची काढायची होती. मी दर्शनाचं निमित्त करून गेले आणि ओवरीच्या खांबाआड उभी राहिले. आपण का आलो, हे मला चांगलं माहीत होतं.

त्यांनी एक काठी जमिनीत सरळ रोवली होती. त्या दिवसांत भर दुपारी उज्जैनला काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते. छिप्याची मुलगी ओणवी होऊन सावलीवर डोळा ठेवून होती. "हो गई! बराबर हो गई!" ती ओरडली, तशा सगळ्या दीपमाळेच्या सावलीच्या टोकाकडे धावल्या. तिथे खडूने खूण केली आणि तिथून दीपमाळेच्या पायापर्यंत टेप धरला. काठीची सावली काठीएवढी, म्हणजे दीपमाळेची सावली दीपमाळेएवढी. मुली उड्या मारत होत्या.

माझ्या लक्षात चूक ताबडतोब आली. टेप पायाच्या कडेपर्यंत धरला होता. दीपमाळेचं टोक काही कडेवर उभं नसतं, ते मधोमध असतं. मोजायला हवं होतं सावलीच्या टोकापासून पायाच्या मध्यापर्यंत, म्हणजे पायाची अर्धी रुंदी आणखी धरायला हवी होती. चार-पाच फुटांचा फरक. चार पावलं पुढे होऊन सांगितलं असतं तर मुलींनी आनंदाने पुन्हा मोजलं असतं. मी देवळाच्या मागच्या दाराने घरी गेले.

संध्याकाळी मुलीने वही पुढे केली. आकृती सुरेख काढली होती, काठी लाल पेन्सिलीने, दीपमाळ निळ्या.

"आई, बघ ना. बरोबर आहे ना?"

"छान आहे," मी म्हटलं.

"बरोबर आहे का पण?"

"म्हटलं ना, छान आहे. चल, ताटं घे."

फेब्रुवारीत शाळेचं संमेलन झालं. गावातल्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पाहुणे होते. पुढे कोणत्या मुली सायन्सला घ्यायच्या, त्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. दीपमाळेचा मोठा तक्ता भिंतीवर लावला होता आणि त्याच्याजवळ छिप्याची मुलगी उभी होती, धुतलेला फ्रॉक घालून, दोन वेण्या घट्ट बांधून. ती चांगलं बोलली. प्राध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फ़ीता कहाँ तक पकड़ा था?"

"नींव तक, सर।"

"नींव के किनारे तक? तो चोटी क्या किनारे पर खड़ी है?"

पालक हसले. तिला लगेच कळलं. हुशार मुलींना चूक फार लवकर कळते, हेच त्यांचं दुःख असतं. ती लाल झाली आणि तक्त्याकडे बघत राहिली. प्राध्यापक पुढे म्हणाले, "लड़कियों के लिए गृह-विज्ञान अच्छा रहेगा," आणि लोक पुन्हा हसले.

तेवढ्यात नव्या बाई खुर्चीवरून उठल्या. "गलती लड़कियों की नहीं है, मेरी है। मैंने बीच का बिंदु नहीं पकड़ा। इन्होंने वही किया जो मैंने बताया," असं त्या भरल्या सभेत म्हणाल्या. शब्द स्वच्छ होते.

मला वाटलं होतं, त्यांची फजिती बघून मला समाधान होईल. झालं उलटंच. बारा वर्षांत फळ्यावर माझ्या हातून काही कमी चुका झाल्या नव्हत्या. त्या मी डस्टरने पुसल्या होत्या, मुलींकडे पाठ करून. ही बाई चूक करून सभेत उभी राहिली, आणि मला तिच्या त्या उभं राहण्याचासुद्धा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून छिप्याची मुलगी शाळेत आली नाही. आठ दिवस झाले. परीक्षा महिन्यावर आलेली. नव्या बाई माधव नगरला माझ्या घरी आल्या. दारातच म्हणाल्या, "मी दोनदा भैरवगढ़ला जाऊन आली. ती माझ्याशी बोलत नाही. तुम्ही चलता का? तुमचं ऐकेल ती."

आम्ही टांग्याने गेलो. अंगणात दोरीवर ओली कापडं वाळत होती. मुलीचे वडील पडवीत लांब टेबलावर चादर छापत होते. त्यांनी मान वर करून "आइए बहनजी" म्हटलं, पण हात थांबवला नाही. ठप्पा रंगात, मग कापडावर, वरून मुठीचा एक ठोका. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"परीक्षा नहीं देनी?" मी विचारलं.

"दूँगी। पर साइंस का फ़ॉर्म नहीं भरूँगी।"

"क्यों?"

"हम लोगों से नहीं होगा, बहनजी। दीदी को ही नहीं पता था, तो हमें क्या आएगा? उस दिन वहाँ किसी को नहीं पता था।"

नव्या बाई खाली बघत होत्या. मला बोलायलाच हवं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणीही दुसरं काहीतरी बोलून निभावता येईल का, हे मी शोधत होते. काही सापडलं नाही.

"मुझे पता था," मी म्हटलं.

ठप्प्याचा ठोका थांबला.

"मैं वहीं थी, खंभे के पीछे। मैंने देखा था कि फ़ीता ग़लत जगह पकड़ा है।"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "तो बताया क्यों नहीं?"

"जलन थी," मी म्हटलं. "तुम सब इनके पीछे दौड़ती थीं, इसलिए।"

मोठ्या माणसाने लहानासमोर हा शब्द उच्चारलेला तिने कधी ऐकला नसावा. मीही पहिल्यांदाच उच्चारला होता. मग तिचे वडील म्हणाले, "अब तो मालूम पड़ गया न, गलती कहाँ थी? तो बैठी क्यों है? सोमवार से जा।" आणि त्यांनी पुढचा ठप्पा उचलला.

परतीचा टांगा भैरवगढ़बाहेर पडला. मग नव्या बाई म्हणाल्या, "तुम्ही तिथंच सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं."

"हो."

"मला तुमचा राग आला आहे. थोडे दिवस राहील." मग रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "तुमच्या मुली पहिल्या फटक्यात उदाहरण सोडवतात. माझ्या नुसत्या खूश होऊन राहतात. परीक्षेत काय लिहितील, या धास्तीने मला झोप नाही. तुमच्या वर्गावरून जाताना मलाही काहीबाही वाटायचं."

मी म्हटलं, "सकाळी तासभर माझ्याकडे पाठवा. नंतर तुम्ही घ्या."

घरी आल्यावर मुलीलाही सांगितलं. ती निळी-लाल आकृती उघडून बसली, खोडरबर आणला आणि दीपमाळेच्या पायाचा मध्य काढला. माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलली.

छिप्याची मुलगी सोमवारी आली. रोज माझ्यासमोर बसून उदाहरणं सोडवायची, अडलं की विचारायची, पण डोळ्याला डोळा द्यायची नाही. एका रविवारी त्या सगळ्या पुन्हा देवळात गेल्या आणि यावेळी मीही गेले, टेपचं एक टोक धरायला. आलेलं उत्तर त्यांनी स्वतः प्राध्यापकांकडे नेऊन दिलं. त्यांनी काय म्हटलं, ते मुलींनी मला सांगितलं नाही, नव्या बाईंना सांगितलं.

त्या वर्षी आमच्या तीन मुली इंटर सायन्सला गेल्या. माझी मुलगी त्यांतली एक. छिप्याच्या मुलीला गणितात जे मार्क पडले, ते माझ्या हातून गेलेल्या दुसऱ्या कुठल्याही मुलीला पडले नव्हते. तिचे वडील पेढे घेऊन आले. आधी नव्या बाईंकडे गेले, मग माझ्याकडे. मी पेढा घेतला आणि मनातल्या मनात खट्टू झाले. इतकं सगळं होऊनही.

दोन वर्षांनी नव्या बाईंना अदलाबदलीत नागपूर मिळालं. स्टेशनवर शाळेच्या निम्म्या मुली रडत होत्या. मीही डोळ्याला पदर लावला, पण गाडी हलली तेव्हा मला हलकं वाटलं, हे लपवण्यात आता अर्थ नाही. मग विज्ञानाचा वर्ग माझ्याकडे आला आणि आपल्याला किती कमी येतं ते कळलं. चाळिशी उलटल्यावर मी चुंबकाचा धडा मुलींच्या आधी एक दिवस वाचायचे. अडलं की नागपूरला पत्र टाकायचे. उत्तरं सविस्तर यायची आणि त्यांत कधी एकही टोमणा नसायचा. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.

छिप्याची मुलगी पुढे इंदूरला रसायनशास्त्र शिकवायला लागली. दिवाळीत ती आमच्याकडे येते. मला वाकून नमस्कार करते, तब्येत विचारते, आणि मग माझ्या मुलीशेजारी जाऊन बसते. त्या दोघी मागचं सगळं बोलत असतात. मी चहा करायला आत जाते. त्यांचं हसणं ऐकू येतं आणि मी दारात आले की ते जरा कमी होतं. तिने मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. मी कप पुढे करते, ती दोन्ही हातांनी घेते, आणि थोडा वेळ मीही त्यांच्यात बसते.