मी लिहिलेली दाढीची जाहिरात

पुरुषाला काही विकायचं तर ‘सुंदर’ हा शब्द वापरायचा नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. चेन्नईतल्या एका जाहिरात कंपनीसाठी मी कुंभकोणममध्ये घरी बसून तमिळ मजकूर लिहिते. बाईला सरळ सांगता येतं, हे लाव, उजळ दिसशील. पुरुषाला तसं सांगितलं की तो उखडतो. त्याला आधी घाबरवायचं आणि ती भीती कामाधंद्याच्या नावावर खपवायची. क्रीम म्हणजे तयारी, रेझर म्हणजे हिंमत. सगळी थापेबाजी, पण खपते.

दोन वर्षांपूर्वी, लग्नानंतर आठ वर्षांनी, मला दिवस गेले. आम्ही इथल्या मराठा राजांच्या काळी इकडे आलेली मराठी माणसं. बाहेर तमिळ, घरात पुणेकरांना हसू येईल अशी जुनी मराठी. आमच्यात बायको गरोदर असली की नवऱ्यानं बाळंतपणापर्यंत दाढी करायची नाही, केस कापायचे नाहीत, नाहीतर पोटातल्या बाळाला अपाय होतो म्हणतात. ह्यांची नोकरी नुकतीच गेली होती, तरी ह्यांनी दाढीचं सामान उचलून माळ्यावर टाकलं. मी चिडवायचे, “आता कफनी तेवढी शिवायची राहिली.” हे हसायचे. मला त्या दाढीचं फार कौतुक होतं, खरं सांगते.

मग रेझरच्या जाहिरातीचं काम आलं. काही सुचेना म्हणून मी मान वर केली, तर हे खिडकीशी फोन धरून बसलेले, कुठूनतरी बोलावणं येईल म्हणून. मी तेच लिहून टाकलं. दाढी वाढलेला माणूस ऑफिसबाहेर बाकावर बसलाय. बाकीच्यांना एकेक करून आत बोलावतात, ह्याला कोणी विचारत नाही. मग तो दाढी करून येतो आणि दार उघडतं. खाली ओळ: तुम्ही तोंड उघडण्याआधीच लोकांचं मत झालेलं असतं. कंपनी खूश झाली.

महिन्याभरात ती जाहिरात ह्यांच्याच फोनवर आली. ह्यांनी ती दोनदा पाहिली.

“हा मीच ना?”

“छे, तो नट केवढा देखणा आहे,” म्हणत मी विषय उडवून लावला. तेव्हाच सांगायला हवं होतं, की अहो, ही बनवाबनवी आहे, मनावर घेऊ नका. पण जाहिरात लागू पडतेय याचा मला आनंद झाला होता. मेली ती हौस.

दोन दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं आणि सकाळी हे गुळगुळीत चेहऱ्यानं न्हाणीतून बाहेर आले. सासूबाईंनी तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीचं तेल आणून माझ्या पोटाला लावलं आणि हात बराच वेळ तसाच ठेवला. मुलाखत फोनवर, कॅमेऱ्यासमोर होती. नेट अडकायला लागलं तसं पलीकडच्यांनीच कॅमेरा बंद करायला सांगितलं. चेहरा कोणी पाहिलाच नाही. नोकरी मिळाली.

पंधरा दिवसांनी, पाचव्या महिन्यात, मूल पोटातच गेलं. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना समोर बसवून सांगितलं, मुलाच्या वाढीतच दोष होता, कोणाच्याही हातात काही नव्हतं. ह्यांनी मान डोलावली. रिक्षात म्हणाले, “आठ वर्षं थांबलो. आणखी चार महिने थांबवलं नाही माझ्याच्यानं.”

तेव्हापासून हे कामावर जातात, जेवतात, विचारलं तेवढं बोलतात. सासूबाईंनीसुद्धा सांगून पाहिलं, “तुझ्यामुळं नाही रे झालं.” ऐकून घेतात. मला संताप येतो तो माझाच. खोटं मी त्यांना अर्ध्या मिनिटात पटवलं, आणि खरं पटवायला दीड वर्ष डोकं आपटतेय.

परवा मी त्यांना पत्र लिहिलं. तमिळमध्ये नाही, घरच्या मराठीत, जिच्यात मी आजवर काही विकलेलं नाही. चारदा खोडून लिहिलं. बाकावरचा माणूस तुम्हीच होतात, तुम्हाला न विचारता मी तुम्हाला वापरलं, तो गुन्हा माझा. मूल गेलं त्यात मात्र तुमचा दोष नाही, माझाही नाही, त्या दाढीचा तर नाहीच नाही.

ह्यांनी उभ्या उभ्या वाचलं. नीट घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

“चांगलं लिहिलंयस,” म्हणाले. “तुझ्या जाहिरातींसारखंच. वाचेपर्यंत पटतं.”