हे चित्र माझं नव्हे

ती सकाळ मी आजही विसरलेले नाही. परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, पोलिसात असताना तू कधी घाबरली होतीस का?" मी हसून विषय बदलला. चाकू घेऊन अंगावर आलेली माणसं मी पाहिली आहेत, पण ती भीती तेवढ्यापुरती असते. ही भीती वेगळी होती, कारण ती मी स्वतः निर्माण केली होती. नावं कुणाचीच लिहिणार नाही.

तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका ठाण्याची निरीक्षक होते. आमच्या हद्दीत एक लहानसं कलासंग्रहालय होतं. सगळी चित्रं एकाच चित्रकाराची. त्यांनी तरुणपणी सिनेमाची बॅनरं रंगवली, मग शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून गाव त्यांना गुरुजी म्हणे. स्वतःची चित्रं मात्र ते वेगळीच काढत. त्यांत माणूस नाही, झाड नाही, नुसते रंग. लोक चेष्टा करत, "काय ओ गुरुजी, डबा लवंडला काय?" तरी लग्नाला, वास्तुशांतीला ते शेजाऱ्यांना चित्रच द्यायचे आणि शेजारी भिडेखातर ते भिंतीला लावायचे. पुढे मुंबई-दिल्लीत त्यांचं नाव झालं. तेव्हा मंगळवार पेठेतल्या लोकांनी आपापल्या भिंतीवरची चित्रं उतरवून एकत्र आणली आणि जुन्या शाळेच्या माडीवर ते संग्रहालय उभं केलं. प्रत्येक चित्राखाली देणाऱ्या घराचं नाव होतं.

एके दिवशी संग्रहालयाच्या समितीचे अध्यक्ष लेखी अर्ज घेऊन आले. सर्वांत मोठं निळं चित्र कुणीतरी बदलून तिथे नकली लावलंय, अशी तक्रार होती. नव्या पुस्तिकेसाठी फोटो काढताना त्यांच्या लक्षात आलं होतं. जुन्या फोटोत खालचा कोपरा निळा होता, आता तिथे जाडसर लाल पट्टा दिसत होता. आम्ही जाऊन पंचनामा केला. गुरुजींना बोलावलं. ऐंशी ओलांडलेले, स्वच्छ पांढरा सदरा, काठी. त्यांनी लाल पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे माझं नव्हे. हा लाल मी कधी लावणार नाही."

खुद्द चित्रकाराचा जबाब. आणखी काय हवं होतं? चित्र मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणलं. दारावरच्या कॅमेऱ्यात जुनं चित्रण शिल्लक नव्हतं. राहिला प्रश्न किल्लीचा.

किल्ली एकाच माणसाकडे असायची. साठीचा देखरेख करणारा, सगळ्या पेठेचा मामा. दुपारी त्याला समोर बसवलं. त्याचे हात इतके थरथरत होते की त्याने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता.

"दुसरी किल्ली कुणाकडे?"

"कुणाकडं न्हाय, मॅडम. एकच हाय."

"मग चित्र बदललं कुणी?"

"मला ठावं न्हाय."

आमचे हवालदार भिंतीला टेकून म्हणाले, "मामा, नुसता घाम पुसून भागत न्हाय. चित्र काय जिना उतरून रंकाळ्यावर भेळ खायला गेलं व्हय?"

मामा पुन्हा एवढंच म्हणाला, "मला ठावं न्हाय." दोन तास तेच. तो काहीतरी लपवतोय, एवढं मला स्वच्छ दिसत होतं, आणि त्यात मी चुकलेही नव्हते. शेवटी मी कोठडीचा धाक घालणारं नेहमीचं वाक्य टाकलं. कितीतरी जणांना त्या वाक्याने बोलतं केलं होतं. "उद्या सकाळी दहाला या. येताना कपड्यांचा एक जोड घेऊन या."

तो उठला, हात जोडले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी आठलाच ठाण्यात होते. दारात एक बाई आली. केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही. तिने माझ्या टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली.

"ही घ्या कापडं. आणा म्हनला हुतासा न्हवं? आता माझा मानूस कुठाय ते सांगा."

मामा पहाटेच घरातून निघून गेला होता. मोबाईल उशाशी तसाच. रात्री जेवला नव्हता. बायकोला फक्त एवढंच म्हणाला होता, "आता पेठंत तोंड दावायचं न्हाय."

पिशवीतून इस्त्रीच्या सदऱ्याची बाही बाहेर आली होती. ती मी आत सारली. तो बेपत्ता असल्याची नोंद करायला सांगितलं, दोन माणसं रंकाळा तलावावर धाडली, दोन पंचगंगेच्या घाटावर. फोन वाजला की मला तो उचलवेना. पाण्यात सापडलेली माणसं मी पाहिली होती, त्यामुळे डोळ्यांसमोर काय येत होतं ते तुम्हाला सांगत नाही.

त्याच वेळी हवालदारांनी हाक मारली. मुद्देमालाचं चित्र खिडकीला टेकवून ठेवलं होतं आणि मागून ऊन आलं होतं. निळ्या रंगाच्या आतून एक भलामोठा डोळा आणि झुपकेदार मिशी दिसत होती. "मॅडम, हे बॅनरचं कापड हाय! खालनं हिरो बघतोय की!"

गुरुजी सुरुवातीला जुन्या बॅनरांवरच चित्रं काढत, कारण कॅनव्हास परवडत नव्हता. मी हवालदारांना चित्र देणाऱ्या घरी पिटाळलं. तिथली म्हातारी लगेच म्हणाली, "व्हय की. उन्हात धरलं की मिशीवाला दिसायचा. पोरं भ्यायची त्याला." म्हणजे चित्र तेच होतं. कुणी बदललेलं नव्हतं. फक्त त्यावर नंतर लाल रंग चढला होता.

इतक्यात मुरगूड गावाहून मामाच्या बहिणीचा फोन आला. तो तिच्या शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर पाय आत सोडून बसला होता. कुणी जवळ गेलं की पुढे सरकत होता.

तो रस्ता मला कधी एवढा लांब वाटला नाही. पोचले तेव्हा तो तसाच बसला होता. माझी खाकी पाहताच तो कठड्यावर आणखी पुढे आला. मी जागीच थांबले, टोपी काढली आणि मातीत खाली बसले. मग म्हणाले, "मामा, चित्र खरं आहे. उन्हात मिशीवाला दिसला. तुमच्यावर काही नाही."

मला वाटलं, तो सुटल्यासारखा रडेल. तो वळून म्हणाला, "मग आता गुरुजींचं कसं हुनार?"

तेव्हा मला कळलं, तो गुरुजींना जपत होता. बहिणीने त्याला दंडाला धरून मागे घेतलं आणि बाभळीखाली बसून त्याने सगळं सांगितलं. वर्षभर गुरुजी विसरत चालले होते. घरचा रस्ता चुकायचे, मामा हात धरून सोडून यायचा. एका दुपारी ते रंग घेऊन आले आणि स्वतःच्याच चित्रावर लाल पट्टा ओढून गेले. आठवड्याने त्यांना ते आठवत नव्हतं. "कुणाला सांगू नकोस, लोक खुळा म्हणतील," अशी त्यांनी आधीच, रस्ता चुकू लागले तेव्हा, शपथ घातली होती. मामाने ती पाळली होती, माझ्यासमोर दोन तास, आणि नंतर त्या कठड्यावरही.

गुरुजींच्या घरी मी साध्या साडीत गेले. त्यांच्या मुलीला आधी सांगितलं, मग त्यांना. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. म्हणाले, "स्वतःच्या चित्राला मी माझं नव्हे म्हणालो. उद्या हिला म्हणालो तर?" मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी कागदावर लिहिलं की गैरप्रकार आढळला नाही, आणि प्रकरण बंद केलं.

मोठ्या माणसाचा ठाम शब्द मी पुरावा धरला आणि गरीब माणसाचा थरकाप गुन्हा. चूक एवढीच, पण ती एका विहिरीपर्यंत गेली. त्यानंतर चौकशीला आलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारायची, "भीती कशाची वाटते?" कुठे होतास, काय केलंस, ते नंतर. कपडे आणायला मात्र पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

मामा कामावर परतला. माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. पण मी निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतर आजही, मी साडीत असले तरी, मला संग्रहालयाच्या जिन्यात पाहिलं की तो खुर्चीवरून ताडकन उठतो. तो आदर नाही, हे मला कळतं. मी "बसा, मामा" म्हणते. मी खाली उतरून जाईपर्यंत तो बसत नाही.