उस्मानभाऊंनी उसनं आणलेलं बी

वडशाच्या बाजारातले बियाणेवाले उस्मानभाऊ गेले, हे मला पाचवीच्या वर्गात गणित शिकवताना कळलं. खडू हातातच राहिला… महिना उलटला, तरी दुकानात ते नाहीत हे डोळ्यांना पटत नाही.

धानाच्या या मुलखात भाऊंना वेड भेदऱ्यांचं, म्हणजे शहरी लोकांच्या टमाट्यांचं. दुकानात पाकिटं विकायची आणि सुटीच्या दिवशी सायकलवरून खेड्यापाड्यांत परसातलं जुनं बी विकत घ्यायला निघायचं. मलाही ओढून न्यायचे. आधी फळ खायचं, मग प्रश्न. हे झाड कोणाच्या माहेरचं? उन्हात फळ तडकतं का? बी पहिल्या बहराचं धरता की दुसऱ्या? एवढी चौकसबुद्धी माझ्या एकाही विद्यार्थ्यात नाही, खोटं कशाला बोलू!

गेल्या वर्षी चैतात सिंदेवाहीकडच्या एका खेड्यात सीताबाईंची भेदरं त्यांनी चाखली. चपटी, आंबट, त्या उन्हातही तग धरलेली. भाऊंनी खिशात हात घातला, तशा बाई म्हणाल्या, "बी इकत नाई, भाऊ. उसनं ने. मूठभर नेलं तर पुढच्या साली दोन मुठी आणून दे."

"दुकानदाराले उसनं देता?"

"माह्या घरचं बुडलं, तं कोणाच्या दारी जाऊ मंग?"

परतीच्या वाटेवर भाऊ तेवढ्यावरच बोलत राहिले. त्यांनी ते बी आपल्या परसात लावलं, यंदा नवं धरलं, आणि परत द्यायला जाण्याआधीच गेले.

परवा सीताबाई माझ्या दारात उभ्या. भाऊंचं ऐकून रडल्या, मग संकोचत म्हणाल्या, "मास्तर, गाडग्यात उंदीर शिरला. घरी एक दाणा नाई राह्यला."

मी त्यांना भाऊंच्या दुकानात नेलं. मागच्या खोलीत खुंट्यांवर चिंध्यांच्या पुरचुंड्या लटकलेल्या. एकीवरही नाव नाही. नावं लिहा म्हणून मी किती मागे लागलो होतो! "मास्तर, चिठ्ठी वाचून बी उगवते का जी?" म्हणून हसायचे. मी सहा-सात पुरचुंड्या सोडल्या. सगळं बी सारखंच. मेलेल्या माणसावर मी खरोखर चिडलो.

सीताबाई मात्र बियांकडे बघतच नव्हत्या. चिंध्या चाचपत होत्या. "हा पाहा, माह्या लुगड्याचा काठ!" ज्या घरचं बी त्याच घरच्या फडक्यात, भाऊंनी एकही फडकं बदललं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

त्या चिंधीत चांगलं दोन मुठी बी निघालं. बाईंनी अर्धं पदरात बांधलं. उरलेलं पुन्हा चिंधीत बांधून त्या आतल्या दाराशी गेल्या. पडद्यापलीकडे भाऊंच्या पत्नी, आमच्या भाभी, इद्दतीत बसलेल्या; नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नाही.

"हे आता तुमाले उसनं, भाभी."

पडद्याखालून हात आला आणि पुरचुंडी आत गेली.

"रोप कब डालते, बाई?"

भाऊ गेल्यापासून भाभींनी कोणाला काही विचारलं नव्हतं. सीताबाईंनी तिथंच बसकण मारली. "पोळा झाला का टाक." मी बाहेर आलो, तेव्हा आत भाभींचा दुसरा प्रश्न सुरू झाला होता.